दोघांचं घर, दोघांचीही तयारी: शहरातल्या जोडप्याने आपत्कालीन तयारी कुठून सुरू करावी

२८ एप्रिल २०२५ ला, सोमवारी, भर दुपारी साडेबाराच्या सुमारास जवळजवळ संपूर्ण स्पेन आणि पोर्तुगालची वीज काही सेकंदांत गेली. सिग्नल बंद पडले, मेट्रो बोगद्यात थांबल्या, माणसं लिफ्टमध्ये अडकली, कार्डाने पैसे देता येईनात, आणि काही तासांत मोबाइलचं नेटवर्कही डळमळलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बहुतेक ठिकाणी वीज परत आली. पण सोमवारच्या दुपारी साडेबारा वाजता नोकरी करणारी जोडपी कुठे असतात, याचा जरा विचार करा. एक जण शहराच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि फोन लागत नाही.

शहरात दोघंच राहणाऱ्यांची अडचण नेमकी हीच आहे. अडचणीच्या वेळी तुम्ही एकत्र असाल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. त्यात बहुतेक घरांत कामाची वाटणी ठरलेली असते: एकाला गॅसचं कळतं, दुसऱ्याला कागदपत्रं कुठे आहेत ते माहीत असतं, औषधांचा हिशोब एकाच्याच डोक्यात असतो. रोजच्या संसारात हे सोयीचं आहे, पण ऐनवेळी नेमका माहितगार माणूसच घरात नसतो. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारा: दुसरा घरी नसताना हे मला एकट्याला जमेल का? उत्तर दोघांचंही ‘हो’ आलं, तरच ती पायरी झाली असं धरा.

पायरी १: तासभर बसून बोला

खरेदीची यादी करायच्या आधी हे करा. याला एक रुपयाही लागत नाही, आणि माझ्या मते सगळ्या तयारीतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

आधी तुमच्या घराला खरोखर काय होऊ शकतं ते ठरवा. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता? घर सखल भागात आहे का? भूकंपाचा पट्टा आहे का? उन्हाळा किती कडक असतो? जगातल्या सगळ्या संकटांची यादी करत बसलात तर काहीच हातून होत नाही. तीन गोष्टी निवडा. बहुतेक शहरी घरांत त्या साधारण अशा निघतात: वीज आणि पाणी एकदम जाणं, आग किंवा गॅसगळती, आणि दोघांपैकी एकाला अचानक काही होणं.

मग भेटायचं कुठे ते ठरवा. पहिली जागा घर. घरात जाता येत नसेल तर घराजवळची एखादी उघडी, ओळखीची जागा, म्हणजे बाग, मैदान किंवा शाळेचं फाटक. आणि सगळा परिसरच बंद झाला असेल तर दोघांनाही चालत गाठता येईल अशी लांबची तिसरी जागा. ‘बागेपाशी भेटू’ एवढं पुरत नाही. बागेला तीन फाटकं असतील तर कोणत्या फाटकापाशी, तेही ठरवा.

एक माणूस दुसऱ्या शहरातला निवडा. भाऊ, मावशी, जुना मित्र, कुणीही विश्वासाचं. शहरात गोंधळ झाला की शहरातल्या शहरात फोन लागणं अवघड होतं, पण बाहेरगावचा फोन बऱ्याचदा लागतो. दोघांनी एकमेकांना शोधत बसण्यापेक्षा आपापला निरोप त्या तिसऱ्या माणसाला द्यायचा. फोन करण्याऐवजी साधा एसएमएस पाठवा. त्याला नेटवर्कवर अगदी थोडी जागा लागते आणि तो वाट बघून का होईना, पोचतो. निरोपात तीन गोष्टी असाव्यात: मी बरा किंवा बरी आहे, आत्ता कुठे आहे, पुढे कुठे निघतोय. ‘काळजी करू नको’ एवढ्यावर निरोप संपवू नका, त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही.

संपर्क झालाच नाही तर कोण थांबणार आणि कोण चालायला लागणार, हेही आधीच बोलून ठेवा. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की चुकामूक ठरलेलीच. घरी म्हातारे आई-वडील किंवा शाळेत मूल असेल तर त्यांच्याकडे कोणी जायचं, तेही नाव घेऊन ठरवा. ‘जो जवळ असेल तो’ असं ठरवलं की फोन बंद असताना दोघंही जातात किंवा कुणीच जात नाही.

हे सगळं एका कागदावर लिहा, त्याच्या दोन प्रती करा आणि एकेक आपापल्या पाकिटात ठेवा. कागदावर एकमेकांचा नंबर, त्या तिसऱ्या माणसाचा नंबर, रक्तगट आणि शहरातले आपत्कालीन नंबर लिहा. अनेक देशांत ११२ हा एकच नंबर चालतो, तुमच्याकडे कोणता चालतो ते पाहून घ्या. जोडीदाराचा नंबर पाठ आहे का, हे आजच तपासा. बहुतेकांना तो येत नाही.

पायरी २: पाणी

उंच इमारतीत राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: वीज गेली की पाणीही जातं. पाणी वर चढवणारा पंप विजेवर चालतो. गच्चीवरच्या टाकीत असेल तेवढंच तुमचं, आणि तेही सगळ्या इमारतीत वाटून.

हिशोब सोपा आहे. पिण्यासाठी आणि थोड्याफार स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला ४ लिटर धरा. दोघांचे तीन दिवसांचे २४ लिटर होतात. सुरुवातीला एवढंच करा. जागा असेल तर पुढे हळूहळू दोन आठवड्यांपर्यंत वाढवता येतं. उन्हाळा कडक असेल किंवा घरात आजारी माणूस असेल तर जास्त ठेवा.

हे पाणी १० लिटरच्या कॅनमध्ये ठेवा. २० लिटरचा कॅन भरला की २० किलोचा होतो. जिन्याने वर आणायचा झाला तर दोघांपैकी एकाला तो बहुधा झेपणार नाही, आणि झेपणारा माणूस त्या वेळी बाहेर असू शकतो. कॅन खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लास्टिकचा असावा. दुधाचे किंवा रसाचे डबे कितीही धुतले तरी त्यांत अंश राहतो आणि जंतू वाढतात, म्हणून ते वापरू नका. घरी भरलेल्या पाण्याच्या कॅनवर तारीख लिहा, ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा आणि दर सहा महिन्यांनी पाणी बदला. काढलेलं पाणी झाडांना, लादीला वापरता येतं.

वापराचं पाणी वेगळं. वादळाची किंवा पाणीकपातीची सूचना आली की बादल्या आणि पिंपं भरून घ्या. कमोडमध्ये एका झटक्यात साधारण ६ ते ८ लिटर पाणी ओतलं की वीज नसतानाही तो साफ होतो. साठवणीच्या गिझरमध्येही बरंच पाणी असतं. मात्र आधी त्याचं विजेचं बटण बंद करा आणि पाणी निवू द्या. हात भाजण्याचे प्रकार इथेच होतात.

पाणी शंकास्पद वाटलं तर उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. इंधन नसेल तर बिनवासाचं साधं घरगुती ब्लीच चालतं, पण बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइटचं प्रमाण ५ ते ९ टक्के लिहिलेलं असायला हवं. स्वच्छ पाण्याला लिटरमागे दोन थेंब. गढूळ असेल तर आधी दाट कापडातून गाळून घ्या आणि चार थेंब टाका. ढवळून अर्धा तास ठेवा. एक गोष्ट लक्षात असू द्या: उकळल्याने किंवा ब्लीचने जंतू मरतात, पण पाण्यात मिसळलेलं इंधन, कीटकनाशक किंवा इतर रसायन जात नाही. पुराच्या पाण्यात ही रसायनं असू शकतात, म्हणून ते पिऊच नका.

पायरी ३: खाणं

यावर लोक सगळ्यात जास्त वेळ आणि पैसे घालवतात. त्याची गरज नाही. तीन दिवस न शिजवता खाता येईल आणि तुम्ही एरवीही खाता असं काहीतरी घरात असलं की झालं: बिस्किटं, सुकामेवा, शेंगदाणे, डबाबंद पदार्थ. डबे असतील तर हाताने चालणारं ओपनर हवं. फार खारट पदार्थ टाळा, त्यांनी तहान वाढते आणि पाणी मोजकं असतं. नवं आणलेलं मागे ठेवा, जुनं पुढे घ्या आणि नेहमीच्या खाण्यात वापरत राहा, म्हणजे काही वाया जात नाही.

फ्रिजबद्दल मात्र दोघांनीही हे पाठ करावं. वीज गेल्यावर दार न उघडता ठेवलं तर फ्रिज साधारण ४ तास थंड राहतो. भरलेला फ्रीझर ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४ तास. दर अर्ध्या तासाने ‘खराब तर झालं नाही ना’ म्हणून दार उघडून पाहणं, हेच अन्न खराब होण्याचं कारण ठरतं. चार तास उलटले की फ्रिजमधलं (फ्रीझरमधलं नव्हे) दूध, मांस, शिजवलेलं अन्न टाकून द्या. चव घेऊन पाहू नका. वीज नसताना आणि दवाखाना दूर असताना पोट बिघडणं परवडणारं नाही.

पायरी ४: उजेड, फोन, रोख पैसे

प्रत्येकाला एक टॉर्च, आणि ती उशाशी. दोघांत मिळून एक हेडलॅम्प घेतलात तर फार उपयोगी पडतो, कारण जखम बांधताना किंवा जिना उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. सेल टॉर्चमध्ये घालून ठेवू नका. महिनोन्‌महिने पडून राहिलेला अल्कलाइन सेल पाझरतो, स्प्रिंगवर पांढरी पूड जमते आणि हव्या त्या रात्री टॉर्च लागतच नाही. सेल पाकिटातच ठेवा आणि पाकीट रबरबँडने टॉर्चला बांधा. अंधारात चाचपून सेल भरता येतात का, ते दोघांनीही एकदा करून पाहा. मेणबत्त्या शक्यतो नकोतच. वीज गेलेल्या घरात लागलेली आग म्हणजे एकावर दुसरं संकट.

पॉवर बँकेवरचा आकडा तेवढाच्या तेवढा मिळत नाही. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून फोनपर्यंत साधारण ६,००० ते ६,५०० पोचतात, म्हणजे आजकालचा फोन एकदा, फार तर दीड वेळा चार्ज होतो. प्रत्येकाची आपापली पॉवर बँक असावी, तीही रोजच्या बॅगेत. घरातल्या कपाटात ठेवलेली पॉवर बँक ऑफिसात अडकलेल्याच्या काही कामाची नाही. तीन महिन्यांतून एकदा ती भरून घ्या.

वीज गेल्या गेल्या फोन बॅटरी-बचतीवर टाका. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्यादेखील मर्यादित असतात, त्यामुळे महत्त्वाचा निरोप पहिल्या तासातच पाठवा, चौथ्या तासाची वाट पाहू नका. सेलवर चालणारा छोटा रेडिओ घरात हवाच. स्पेन-पोर्तुगालमध्ये त्या दिवशी अनेकांना बातम्या कळल्या त्या रेडिओवरूनच.

रोख रक्कम दोन भागांत ठेवा: थोडी घरात, थोडी दोघांच्या पाकिटात. नोटा लहान हव्यात. यंत्रं बंद असताना मोठ्या नोटेचे सुटे कुणीच देत नाही.

पायरी ५: आग, गॅस आणि न दिसणारा धूर

इथे घाई करू नका. या पायरीवरची प्रत्येक गोष्ट हाताने करून पाहायची आहे, वाचून जमत नाही.

आज संध्याकाळी दोघांनी स्वयंपाकघरात उभं राहा. सिलिंडर असेल तर प्रत्येकाने एकदा रेग्युलेटर बंद करावा, काढावा, पुन्हा बसवावा. पाइपचा गॅस असेल तर मुख्य झडप शोधा. ती ओट्याखालच्या कपाटात डब्यांच्या मागे लपलेली असेल तर पुढचं सगळं सामान कायमचं हलवा. झडपेची मूठ पाइपला आडवी झाली की गॅस बंद, पाइपच्या रेषेत आली की सुरू. हे डोळ्यांनी पाहा आणि बोटांना कळू द्या. मग विजेचा मेन स्विच आणि पाण्याचा मुख्य कॉक यांचंही असंच करा.

गॅसचा वास आला तर कुठलंही बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. दोन्ही वेळी ठिणगी पडू शकते. काडी पेटवू नका, तिथे उभं राहून फोन करू नका. झडप बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेर गेल्यावरच फोन करा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो आणि खिडकीतून आपसूक निघून जात नाही. म्हणून दार उघडणं महत्त्वाचं. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका असतो, तो वर छताकडे जातो.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल चहूकडे उडतं. गॅस बंद करा, वर झाकण सरकवा, कढई हलवू नका आणि थंड होईपर्यंत झाकण उचलू नका.

घरात एबीसी प्रकारचं, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या आगींवर चालणारं, छोटं अग्निशामक ठेवा, पण ते स्वयंपाकघराच्या दारापाशी. शेगडीच्या वर टांगलं तर आग लागल्यावर तिथे हातच पोचत नाही. वापरायची रीत: पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, मूठ दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. छोटं यंत्र काही सेकंदांतच रिकामं होतं, म्हणून ते फक्त छोट्या आगीसाठी, आणि पाठ नेहमी बाहेरच्या दाराकडे ठेवून. आग त्यापेक्षा मोठी असेल तर बाहेर पडा आणि मागे दार ओढून घ्या. बंद दार धूर आणि ज्वाळा बराच वेळ अडवतं. धुरात वाकून, जमिनीलगत चला. लिफ्ट नाही, जिनाच. तुमच्या मजल्यापासून खालपर्यंत जिन्याची किती वळणं आहेत, हे एकदा मोजून ठेवा. काळोखात तेवढंच कामी येतं. धूर ओळखणारा अलार्म असेल तर महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून पाहा, आणि दहा वर्षांनी यंत्रच बदला.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. वीज गेली म्हणून बाल्कनीत जनरेटर लावला, किंवा थंडी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली, की तो घरात भरतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. दोघांचंही डोकं एकदम दुखायला लागलं तर ती खूण समजा आणि ताबडतोब मोकळ्या हवेत या. इंधन जाळणारी अशी कोणतीही वस्तू घरात, बाल्कनीत किंवा खिडकीजवळ चालवू नका.

पायरी ६: दोघांपैकी एकाला काही झालं तर

घरात दोघंच असतात. एक जण कोसळला तर मदतीला दुसराच, आणि रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं त्याच्याच हातात. म्हणून माझा आग्रह आहे: प्रथमोपचाराचा वर्ग दोघांनी मिळून करा. एकानेच केला तर शिकलेला माणूसच जमिनीवर पडलेला असू शकतो.

वर्ग होईपर्यंत निदान एवढं माहीत असू द्या. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालू नसेल तर मदतीला फोन लावा, फोन स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा. दर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा आणि ‘थांबलं का’ म्हणून उचलून पाहू नका. भाजलं तर २० मिनिटं गार वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, तेल काहीही लावू नका. जुलाब-उलट्यांत ओआरएसची पाकिटं हाताशी असावीत. नसतील तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ जास्त पडू देऊ नका.

रोजची औषधं निदान एक आठवडा पुरतील एवढी नेहमी शिल्लक असू द्या, जमलं तर दोन आठवड्यांची. प्रत्येकाच्या औषधांचं नाव, मात्रा, वेळ आणि ॲलर्जी एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावा. जोडीदाराच्या गोळ्यांची नावं तुम्हाला न बघता सांगता येतात का? येत नसतील तर हा कागद आजच लिहा. इन्सुलिनसारखं थंडाव्यात ठेवायचं औषध असेल तर वीज गेल्यावर ते किती दिवस बाहेर चालतं, हे डॉक्टरांना आताच विचारून त्याच कागदावर टिपून ठेवा. चष्मा असेल तर जुना चष्मा टाकू नका.

पायरी ७: निघायची पिशवी आणि कागदपत्रं

घर सोडावं लागलं तर दाराशी दोन पाठपिशव्या तयार हव्यात, एकाची एक. एकच मोठी बॅग केली की ती उचलणारा घरी नसला तर सगळंच मागे राहतं. प्रत्येकीत पाण्याची बाटली, थोडं खाणं, एक कपड्यांचा जोड, औषधं, टॉर्च, चार्जिंगची वायर, शिटी, साबण, मासिक पाळीचं साहित्य आणि थोडी रोकड असावी. ओळखपत्र, घराची कागदपत्रं, विमा आणि बँकेचे तपशील यांच्या प्रती पाणी न शिरणाऱ्या पाकिटात, आणि त्याच फाइली सांकेतिक शब्दाने बंद केलेल्या पेनड्राइव्हवर. तो शब्द दोघांनाही माहीत असू द्या. पलंगाखाली दोघांचे बंद बूट ठेवा. भूकंपात किंवा स्फोटात काचा फुटतात आणि अनवाणी माणूस खोलीबाहेरही जाऊ शकत नाही.

पुराच्या वेळी बाहेर पडायचा मोह होतो. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी धडधाकट माणसाचा तोल जातो, आणि ३० सेंटिमीटरला छोटी गाडी वाहून जाऊ शकते. जोडीदार घरी वाट पाहतोय म्हणून पाण्यात शिरू नका. पहिल्या पायरीवर ‘कोण थांबणार’ ते ठरवलंय, ते अशाच वेळेसाठी.

पायरी ८: एक संध्याकाळ मेन बंद करून

सगळं जमवल्यावर एका सुट्टीच्या संध्याकाळी अंधार पडल्यावर मेन स्विच बंद करा, नळ वापरायचे नाहीत असं ठरवा, आणि तीन तास काढा. जेवा, हात धुवा, बाथरूमला जा, एकमेकांना फक्त एसएमएस करा. काय सापडत नाही ते एकाने लिहून काढावं.

दुसऱ्या वेळी एकानेच करावं. दुसऱ्याने घराबाहेर जाऊन बसावं आणि फोन उचलू नये. घरात असलेल्याने कॅन उचलून आणावा, झडप बंद करावी, औषधांचा कागद शोधावा, पिशवी पाठीवर घेऊन जिना उतरून ठरलेल्या फाटकापाशी यावं. मग अदलाबदल. जिथे कुणीतरी अडकलं, तिथली वस्तू दुसऱ्याच दिवशी हलवा किंवा बदला. हा सराव वर्षातून दोनदा करा, आणि त्याच दिवशी पाणी, सेल, औषधांच्या तारखा तपासून घ्या.

शेजारच्या दारातही एकदा जाऊन या. तुम्ही दोघंही बाहेर असताना घरात गॅसचा वास आला तर झडप बंद करायला तेच असणार आहेत. विश्वासातल्या एका शेजाऱ्याकडे घराची जास्तीची किल्ली ठेवा, झडप कुठे आहे ते दाखवा, आणि त्यांच्या घरात कुणाला जिना उतरायला मदत लागते का, तेही विचारून घ्या.